विमानानं चार मिनिटं

माझ्या गावापासून छत्रपती संभाजीनगरला विमानानं चार मिनिटं लागतात. हे मी नाही, कंप्युटर सांगतो. मला एसटीनं साडेतीन तास लागायचे, तेही गाडी वेळेवर सुटली तर. या दोन आकड्यांच्या मधे आम्ही दोघं नवराबायको अन् आमच्याच रस्त्यावरची एक बाई असे तिघं भरडून निघालो. आता मी बरा आहे. आवाज फुटक्या भोंग्यासारखा येतो, पण येतो. कुणावर शेक घ्यायला शहरात जायची पाळी आली तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहायला बसलो. दुसरं कारण म्हणजे माझा राग अजून गेलेला नाही.

गाठ

मी एसटीत कंडक्टर होतो, एकतीस वर्षं. आमच्या डेपोत म्हणायचे, याच्या गाडीला घंटी कशाला लागते, हा नुसता ओरडला तरी गाडी थांबते. स्टँडवर उभा राहून "पैठण, बिडकीन" अशी हाळी दिली की मागच्या हॉटेलात चहा पिणारा प्रवासी कप तसाच ठेवून पळत यायचा.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांत तो आवाज बसला. मी म्हणालो, धूळ. मग म्हणालो, चहा. ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध प्यालो, मिठाच्या गुळण्या करून करून तोंड खारट झालं. सहा महिने असेच घालवले. शेवटी सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, एक दिवस पिशवी भरली अन् म्हणाली, "तुम्ही येताय का मी एकलीच जाऊन इचारू?"

शहरातल्या हॉस्पिटलात नाकातून बारीक नळी घातली, तुकडा काढला, चार दिवसांनी बोलावलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच मी समजलो. त्या म्हणाल्या, "काका, स्वरयंत्रावर गाठ आहे. कॅन्सरची आहे. पण लवकर आलात."

मला पहिल्यांदा भीती वाटायला पाहिजे होती. मला आला राग. विडी नाही, तंबाखू नाही, माळ घातलेला माणूस मी. लोकांच्या विड्यांचा धूर मात्र एकतीस वर्षं गिळला. मॅडमना मी कितीतरी विचारणार होतो, पण घशातून नुसती हवा निघाली. सुमननं एकच विचारलं, हे जेवतील ना? मॅडम म्हणाल्या, काही दिवस त्रास होईल, पण जेवतील. तिनं मान हलवली अन् बाहेर येऊन बाकड्यावर बसून पदरात तोंड घालून रडली. भीती मला तिथं वाटली, तिला बघून.

तेहेतीस वेळा शेक, म्हणजे मशीनच्या किरणांचा उपचार, घ्यायचा होता. आठवड्यातून पाच दिवस, रोज. मॅडमनी बजावून सांगितलं, मधे खंड पडू द्यायचा नाही, खंड पडला तर केलेलं वाया जातं. बोलायचं तर अजिबात नाही. सुमननं त्याच दिवशी गुलमंडीतून एक पाटी अन् पेन्सिलींचा डबा आणला. साठी ओलांडल्यावर मी पुन्हा पहिलीत बसलो.

वळसा

आमचं गाव नाथसागराच्या पल्याडच्या काठावर आहे. मी चौथीत असताना धरणाचं पाणी आलं अन् जुनं गाव, आमचा मळा, पैठणची सरळ गाडीवाट, सगळं पाण्याखाली गेलं. नवं गाव वर माळावर बसवलं. तेव्हापासून पैठण गाठायचं तर पाण्याला वळसा घालायचा, मग पुढं बिडकीन अन् मग शहर. माझ्या नोकरीत गाडीच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं होतं, आता नवं नाव आहे. नाव बदललं तरी टप्पे तेवढेच राहिले.

टप्पा म्हणजे एसटीचं माप, सहा किलोमीटरचा एक. भाडं टप्प्यावर ठरतं, म्हणून आम्ही कंडक्टर लोक किलोमीटर बोलतच नाही. पोरीला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्या मंडळींना मी पहिला प्रश्न विचारला होता, किती टप्पे? सोयरे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले होते.

शहराला पाणी याच नाथसागरातून जातं. पैठणच्या रस्त्याच्या कडेनं माणूस आत वाकून चालेल एवढाले पाइप गेलेत. आमच्या मळ्यावरचं पाणी पाइपातून सुखानं शहराच्या नळाला पोचतं अन् मळ्याचा मालक धक्के खात मागून येतो. याच्यावर आमच्याकडं कुणी बोलत नाही, सवय झाली आहे. मलाही होती. आजारी पडल्यावर ती सवय गेली.

धर्मशाळेची खिडकी

हॉस्पिटलला लागूनच एका ट्रस्टची धर्मशाळा आहे. बाहेरगावच्या रुग्णाला अन् सोबतच्या एका माणसाला खोली मिळते, स्वयंपाकाला ओटा मिळतो. खोल्या थोड्या अन् माणसं ढीगभर, म्हणून नियम आहे. गाव पन्नास किलोमीटरच्या पुढचं पाहिजे. मी पाटीवर लिहिलं, मग काय, आपण केव्हाच बसतो त्यात. फॉर्म मीच भरला. माझं अक्षर चांगलं आहे, एकतीस वर्षं कुणाचा एक शेरा आला नाही. सुमन म्हणत होती, एकदा कुणाला दाखवा. मी तिच्याकडं असं बघितलं की ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या कारकुनानं, चष्म्याला दोरी बांधलेल्या शांत माणसानं, फॉर्म बाजूला ठेवला अन् म्हणाला, नियमात बसत नाही, अंतर कमी आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खिडकीवर हात आपटला. आवाज नसलेला माणूस भांडतो तेव्हा काय दिसतं ते मला त्या काचेत दिसलं. नुसतं तोंड उघडतंय, मिटतंय, मानेच्या शिरा फुगल्यात.

त्यानं कंप्युटर माझ्याकडं वळवला. वर आमच्या गावाचं नाव, खाली शहराचं, मधे एक सरळ रेघ. ती रेघ नाथसागराच्या पाण्यावरून नीट चालली होती. "काका, बघा. अठ्ठेचाळीस किलोमीटर. दोननं हुकतंय." अन् त्याच्या खाली एक ओळ होती, ती मी स्वतः वाचली. विमान प्रवासाचा वेळ, चार मिनिटं.

मी पाटीवर लिहिलं, विमान कुठं उतरतं? तो म्हणाला, काका, मी काय करू, कंप्युटर दाखवतो ते.

उंटावरून शेळ्या हाकणारे खूप बघितले, पण ही त्याच्या वरची तऱ्हा. आमच्या गावात पावसाळ्यात एसटी फाट्यावर थांबते, आत येत नाही, अन् तिथून विमान किती वेळात जातं याचा हिशोब कुणीतरी करून ठेवलाय. उतरलंच तर विमान नाथसागरात उतरेल. हिवाळ्यात आमच्याकडं रोहित पक्षी येतात, हे अंतर त्यांना विचारून काढलं असेल तर बरोबर आहे. माणसाला पंख नसतात अन् कॅन्सर झालेल्या माणसाला तर पायसुद्धा धड नसतात.

येणं-जाणं

मग सुरू झालं. पहाटे साडेपाचची मुक्कामी गाडी, नऊ वाजता शहर, रिक्षा, हॉस्पिटल, नंबर. शेक दहा मिनिटांचा. चारच्या गाडीला परत, घरी साडेसात. दहा मिनिटांसाठी सात तास.

शेकाच्या खोलीत तोंडावर जाळीचा मुखवटा बसवतात अन् तो टेबलाला खटाखट अडकवतात. मान तसूभर हलत नाही. सगळे बाहेर निघून जातात, जाड दार लागतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, झालं, आता इथंच गाडलं. मग मी मनातल्या मनात टप्पे म्हणायला लागलो. आमच्या गावापासून एकेक थांबा, कोण कुठं चढतं, कुठं वडाखाली म्हातारी हात करते. सावकाश म्हणत गेलं की बिडकीन यायच्या आत मशीन बंद व्हायचं.

ड्रायव्हर लोक ओळखीचे निघाले. पुढची जागा माझ्यासाठी राखून ठेवायचे, खड्डा दिसला की गाडी हळू करायचे. त्या पोरांचे उपकार मी फेडू शकत नाही.

आमच्या पुढं तीन टप्प्यांवर गयाबाई चढायची, नवऱ्यासोबत. तिला गालाचा होता, मिसरीनं झालेला. आम्ही एकाच डॉक्टरकडं, एकाच मशीनवर. गालाला ओला रुमाल धरून खिडकीशी बसायची अन् सुमनशी बोलायची, जमेल तसं. तिलाही धर्मशाळेनं परत पाठवलं होतं. तिलाही तीच सरळ रेघ दाखवली होती. तिनं सुमनला विचारलं, "इमानाचं तिकीट हितंच मिळतं का, दवाखान्यात?" ती थट्टा करत नव्हती. तिला वाटलं होतं, सरकार आजारी माणसाला विमानानं नेत असेल अन् आपल्यालाच ठाऊक नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझी मान बाहेरून काळी पडली अन् आतून सोलून निघाली. पाण्याचा घोट म्हणजे बाभळीचा काटा. सुमन थर्मासात ज्वारीची आंबील न्यायची, मी एकेक चमचा गिळायचो अन् डोळ्यातून पाणी काढायचो. तिच्यावर चिडायचो. पाटीवर नको नको ते लिहायचो. ती न वाचताच पदरानं पुसून टाकायची अन् पुढचा चमचा समोर धरायची. एवढं मोठं मन मला कुणी दिलं असतं तर मी कारकुनावर हात आपटला नसता.

गयाबाई एक दिवस चढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सुमन म्हणाली, तिकडं उतरून बघू का? मी लिहिलं, आपलं आधी होऊ दे.

पाटीवरची ओळ

सतराव्या शेकाच्या दिवशी बिडकीनच्या अलीकडं रस्ता खणलेला होता. नवे पाइप टाकायचं काम, शहराला आणखी पाणी न्यायला. एकीकडूनच वाहनं सोडत होते. एक ट्रक आडवा झाला अन् आम्ही उन्हात ताटकळत बसलो. त्या दिवशी मशीन दुपारनंतर दुरुस्तीला बंद राहणार होतं. आम्ही पोचलो तेव्हा कुलूप लागलेलं होतं. मी तिथल्या पायरीवर बसलो अन् पाटीवर लिहिलं, बास, उद्यापासून येणार नाही. ही ओळ मात्र सुमननं वाचली अन् पुसली नाही. पाटी तशीच पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी मला दंडाला धरून गाडीत बसवलं, जणू मी विनातिकीट प्रवासी.

मॅडम रागावल्या. काका, तुम्हाला सांगितलं होतं ना, काल का आला नाहीत? मी दुसऱ्या बाजूला लिहिलं, विमान चुकलं.

त्यांना वाटलं, औषधानं डोकं फिरलं. मग सुमननं पाटी उलटी करून कालची ओळ दाखवली अन् सगळं सांगितलं. पहाटेची गाडी, वळसा, धर्मशाळा, रेघ, चार मिनिटं. सांगताना तिचा आवाज चढत गेला, बाहेरची माणसं आत डोकावायला लागली. मॅडम उठल्या, म्हणाल्या, चला माझ्यासोबत.

खिडकीत तोच कारकून. मॅडमनी फाइल मागितली. मी छाती पुढं काढून उभा राहिलो, मनात म्हटलं, आता याची बोलती बंद होते. त्यानं माझा फॉर्म काढून समोर ठेवला. माझंच वळणदार अक्षर. रुग्णाच्या गावापासून अंतर, त्यापुढं, सोळा.

कारकून म्हणाला, "मॅडम, यांनी सोळा लिहिलं होतं. सोळा किलोमीटर असतं तर मी तिथंच नाही म्हणालो असतो. काकूंकडं बघून मला वाटलं, लांबून आलेत, काहीतरी चुकलंय. जास्त भरलं तर खोली देता येईल म्हणून मीच कंप्युटर बघितला. तरी दोननं कमी पडलं."

धरणी दुभंगावी म्हणतात ते मला तेव्हा कळलं. सुमननं फॉर्म उलटा धरून बघितला, मग सरळ धरून बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "सोळा टप्पं लिवलं व्हय?" अन् ती हसली. चार आठवड्यांत पहिल्यांदा, तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत. मॅडमना टप्पा म्हणजे काय ते सांगावं लागलं, मग त्याही हसल्या. कारकुनानं चष्मा काढून पुसला.

मी हसलो नाही. चूक माझी, कबूल. मी कारकुनाला हात जोडले. पण माझा राग संपला नाही, फक्त त्या माणसावरून उठला अन् रेघेवर जाऊन बसला. मी सोळा लिहिलं ते खोटं नव्हतं, फक्त माप सांगायचं राहिलं. त्या रेघेनं मात्र नाथसागरच नाही असं धरलं होतं. जे पाणी आमच्या छातीवर येऊन बसलं, ज्याच्यापायी आम्ही गाव उचललं, ते कंप्युटरला दिसलं नाही. अन् इतक्या दिवसांत एकाही माणसानं आम्हाला विचारलं नाही की बाबांनो, तुम्ही येता कसे?

कारकून म्हणाला, रस्त्याचं अंतर कुणाकडून तरी शिक्क्यानिशी लिहून आणा, मी आजच खोली देतो.

मी रिक्षा केली अन् थेट स्टँडवर गेलो. कंट्रोलरच्या खोलीत माझ्या बरोबरीचा नाना बसला होता, पूर्वी माझ्याच गाडीवर ड्रायव्हर. त्यानं माझी मान बघितली अन् खुर्ची पुढं सरकवली. मी पाटीवर लिहीत गेलो, तो वाचत गेला. विमानाच्या ओळीला आल्यावर त्यानं एक अशी शिवी दिली की माझा घसा थंड झाला. मला तीच द्यायची होती. मग त्यानं कागद घेतला अन् लिहिलं, आमच्या गावापासून संभाजीनगर मध्यवर्ती स्थानक, रस्त्यानं सोळा टप्पे, शहाण्णव किलोमीटर. खाली सही, शिक्का. मधल्या सगळ्या थांब्यांची नावं अन् अंतरंही लिहिली, मी न सांगता.

कारकुनानं झेरॉक्स ठेवून घेतली, कागद मला परत दिला अन् संध्याकाळी खोली मिळाली. दोन खाटा, एक खिडकी, एक नळ. सुमननं नळ सोडला अन् म्हणाली, घ्या, आपल्या मळ्यातलं पाणी. गिळवत नव्हतं, म्हणून मी नुसतं तोंड धुतलं.

तेरा टप्पे

पुढचे शेक मी खाटेवरून उठून शंभर पावलं चालत जाऊन घेतले. आवाज पार गेला, मग शेवटी शेवटी एखाददुसरा शब्द फुटायला लागला अन् पुढं महिनाभरानं घोगरा का होईना आवाज परत आला. तपासणीत गाठ दिसली नाही. फॉर्मवर अंतराच्या रकान्यापुढं आता कारकून स्वतः पेनानं लिहितो, रस्त्यानं, किलोमीटरमध्ये. तुम्ही जिथं जाल तिथं तसं नसेल तर तुम्ही लिहा. जवळच्या स्टँडवरून शिक्क्याचा कागद आणा, खिडकीवर हात आपटायच्या आधी. अन् आपला फॉर्म दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. बायको सांगत असेल तर नक्की दाखवा.

शेवटचा शेक झाला त्या दिवशी चारच्या गाडीनं निघालो. गयाबाईचा थांबा आला, कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. कंडक्टर घंटी मारणार तेवढ्यात मी उठलो. सुमननं पिशवी उचलली.

गयाबाई अंगणात बाजेवर बसली होती. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. नवरा म्हणाला, अकरा शेक झाले, मग तिला रोजचं जाणं झेपेना, मीच म्हणालो राहू दे. मी खिशातून कागद काढला. त्यात तिच्या थांब्याचं नाव होतं. नानानं लिहिलेलं होतं, तेरा टप्पे, अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. इतके दिवस ते माझ्या खिशात होतं.

दुसऱ्या सकाळी आम्ही चौघं पहिल्या गाडीनं गेलो. कारकुनानं कागद बघितला अन् तासाभरात तिला खोली दिली. मॅडमनी तिला तपासलं, तिची जुनी फाइल चाळली. मग म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल, मधे फार दिवस गेले. तिचं अजून चालू आहे. सुमन आठवड्यातून दोनदा आंबील घेऊन जाते.

पण मी सांगतोय ते त्या संध्याकाळचं, अंगणातलं. नवऱ्यानं कागद तिला वाचून दाखवला. तिनं तो हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं अन् माझ्याकडं बघून विचारलं,

"भाऊ, ह्यो कागद तवाच का नाय आनला?"

मी उत्तर दिलं नाही. पाटी पिशवीत होती, पेन्सिल होती, अन् घसा सुद्धा दोन शब्द बोलण्याइतका शाबूत होता.